सोआवेबरोबर काय वाढायचं: वेरोनातल्या कामाच्या नोंदी

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४

वेरोनात आज न्योक्कीचा शुक्रवार. कार्निव्हलच्या या दिवशी घरोघरी बटाट्याचे न्योक्की, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, होतात आणि मिरवणुकीत ‘पापा देल न्योको’ भलामोठा काटा घेऊन फिरतो, काट्याच्या टोकाला एक न्योको खोचलेला. आमच्या ऑस्तेरियात, म्हणजे छोट्या खाणावळीत, दुपारपासून रात्रीपर्यंत दुसरं काही गेलंच नाही.

आवराआवर झाल्यावर मालकीणबाईंनी मला समोर बसवलं. वसंताचा मेनू २५ एप्रिलपासून लागणार. पेल्यावर विकायची पांढरी वाइन त्यात एकच: सोआवे क्लासिको, २०२२ चं पीक, स्टीलच्या टाकीत राहिलेली, लाकडाचा स्पर्श नाही, १२.५ टक्के. तिला साजतील असे पाच-सहा पदार्थ शेफबरोबर चाखून मी ठरवायचे. ‘जमलं’, ‘नाही जमलं’ एवढ्यावर भागणार नाही, प्रत्येकाचं कारण लिहायचं. त्यांच्यासाठी इटालियनमध्ये लिहीनच. पण चव मला मराठीत कळते, म्हणून ही वही.

सुरुवात आजच केली. उरलेले न्योक्की दोन बशांत घेतले. एकीत टोमॅटोचा सॉस, दुसरीत लोणी, सेजची पानं आणि वर किसलेलं मोन्ते वेरोनेझे चीज. टोमॅटोबरोबर वाइन पाणचट लागली, आंबटावर आंबट चढलं. लोण्याबरोबर तीच वाइन टवटवीत. बटाट्याला अंगचा गोडवा असतो, त्यावर लोण्याचा थर बसतो, आणि घोट घेतला की तो थर निघून जातो. पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. लोण्याचे न्योक्की यादीत.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज पदार्थ नाही, नुसती वाइन. पेल्यात थर्मामीटर धरून बसले.

आमच्या फ्रिजमधून निघाली तेव्हा ४ अंश. नाकाला जवळजवळ काहीच नाही, जिभेला गारवा आणि आंबटपणा. ८ अंशांना नाशपती आणि लिंबाच्या सालीचा वास आला. ११ अंशांना वाइन बोलायला लागली. दारातलं लिंबाचं झाड फुलल्यावर संध्याकाळी जो वास येतो, तो आला. तोंडात आधी ओलसर फळ, मग हलकी खारटसर चव, आणि गिळल्यावर मागे राहतो तो कडवटपणा. मूठभर बदाम खाताना एखादाच कडू लागावा, इतपत. १५ अंशांना मात्र अल्कोहोल वर आलं आणि सगळं सैल पडलं.

हा कडवटपणा म्हणजे खोड नव्हे. गार्गानेगा द्राक्षाची ती ओळख आहे. सोआवेत हे द्राक्ष निदान ७० टक्के असावंच लागतं. उरलेल्यात बहुधा त्रेब्बियानो दी सोआवे असतं. मार्के प्रांतात ज्याला वेर्दिक्क्यो म्हणतात तेच हे द्राक्ष, असं डीएनए तपासणीत निघालं आहे.

इथे मराठीचा उपयोग झाला. कडू वेगळं आणि तुरट वेगळं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. जांभूळ तुरट, कारलं कडू. तुरट चवीने गाल आत ओढले जातात, कडू चव जिभेच्या मुळाशी रेंगाळते. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा असतो. या वाइनमध्ये तो अजिबात नाही, नुसता कडवट शेवट आहे. टेबलावरचे पुष्कळ लोक दोन्हींना ‘आमारो’, म्हणजे कडू, म्हणून मोकळे होतात. पण पदार्थ निवडताना हा फरक धरूनच चालायला हवं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सोमेलिये, म्हणजे वाइन वाढणारे जाणकार, त्यांच्या संघटनेच्या वर्गात पदार्थ आणि वाइन जुळवण्याची जी रीत शिकवतात ती आज नीट डोक्यात बसली. पदार्थाचा तुपटपणा आणि अंगचा गोडवा यांच्यासमोर वाइनचा आंबटपणा आणि खारटपणा उभा करायचा. पदार्थ खारट किंवा कडवट असेल तर समोर मऊ, गोलसर वाइन हवी. म्हणजे कडवट पदार्थापुढे कडवट शेवटाची वाइन ठेवली तर दोघांची बेरीज होणार.

बेरीज कशी होते ते शेफने लगेच दाखवलं. आर्टिचोक पातळ चिरून लसणावर परतले आणि पुढे केले. एका घासानंतर वाइन आधी विचित्र गोड लागली, मग धातूसारखी, आणि शेवटी कडू. आर्टिचोकमधल्या सिनारिन या द्रव्यामुळे पुढच्या घोटाची चवच फिरते. यादीतून बाद. लाल पानांचा रादिक्क्योही कडवटपणामुळे बाद, तो तर चाखलासुद्धा नाही.

सोमवार, ४ मार्च

सोमवारी ऑस्तेरिया बंद असते. सोआवे गावाला जाऊन आले. वेरोनाच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर. टेकडीवर स्कालिजेर घराण्याचा किल्ला, त्याची तटबंदी खालच्या गावाला कवेत घेऊन उतरते.

सोआवे आणि मोन्तेफोर्ते द’आल्पोने या दोन गावांच्या टेकड्या म्हणजे ‘क्लासिको’चा भाग. या मुलखाची सीमा १९३१ मध्येच आखली गेली, डीओसी, म्हणजे मुलखाच्या नावाची सरकारी मान्यता, १९६८ मध्ये मिळाली. पुढे खालच्या सपाटीवर मळे वाढत गेले, वाइन पातळ झाली आणि नावाला उतरती कळा लागली. अजूनही कुणी ‘सोआवे’ ऐकून नाक मुरडलं तर मला त्यांना टेकडीवरची बाटली द्यावीशी वाटते. पिएरोपान घराण्याने १९७१ मध्ये काल्वारिनो या एकाच मळ्याची वाइन वेगळी भरली, तेव्हापासून लोक पुन्हा मळ्यांची नावं विचारू लागले.

मळ्यात शिरले आणि पाय थबकले. समोर मांडव होता. इथले लोक त्याला पेर्गोला वेरोनेझे म्हणतात. कमरेच्या वर गेलेलं खोड, त्यावरून एका बाजूला चढत गेलेले लाकडी हात, तारांवर बांधलेल्या काड्या. उन्हाळ्यात पानांचं छप्पर होतं आणि घड खाली सावलीत लोंबतात. गार्गानेगा उशिरा पिकणारं, जोमाने वाढणारं द्राक्ष. त्याला हीच पद्धत मानवते. इथल्या या पारंपरिक मळ्यांना २०१८ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, जागतिक कृषिवारशाच्या यादीत घेतलं.

तिथूनच निफाडला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे काढणी चालू होती, मागे क्रेट रचलेले दिसत होते. मी फोन वेलीवरून फिरवला.

“मांडवच की गं हा!” अण्णा म्हणाले. “पण एका अंगाला कललेला. खोडाचा आडवा हात, ओलांडा, कुठंय? आणि छाटणी कधी करतात?”

“एकदाच, थंडीत. वेल झोपलेली असते.”

“आपली झोपते कुठं. एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी. दोनदा छाटावं तेव्हा एकदा घड.” मग म्हणाले, “जमीन दाखव.”

मी खाली वाकून एक ढेकूळ फोडलं. काळं, जड, मधे भोकाभोकांचा दगड. मोन्तेफोर्तेच्या बाजूला प्राचीन ज्वालामुखीचा बेसॉल्ट आहे, सोआवेच्या पश्चिमेकडे पांढरा चुनखडक. अण्णांनी तो दगड पडद्यावर बराच वेळ पाहिला. “आपल्या विहिरीतनं निघतो तसला आहे,” म्हणाले. तो दगड मी खिशात घालून आणला. आता फडताळात बाटल्यांशेजारी आहे.

मंगळवार, १२ मार्च

आज बक्काला आल्ला विचेन्तीना, व्हिचेन्झा गावच्या पद्धतीचा मासा. नाव बक्काला असलं तरी इथे खारवलेला मासा घेत नाहीत. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर गार वाऱ्यात वाळवलेला, लाकडासारखा कडक कॉड घेतात. व्हेनिसच्या पिएत्रो क्वेरिनीचं जहाज १४३१ मध्ये वादळात सापडलं, वाचलेले लोक १४३२ च्या जानेवारीत त्या बेटांपैकी रोस्तला लागले, आणि हा मासा त्यांनी तिथे खाल्ला. तेव्हापासून, असं सांगतात, आमच्या या व्हेनेतो प्रांताच्या ताटात समुद्रकिनाऱ्यापासून लांबच्या व्हिचेन्झातही हाच मासा. ऐकताना मला निफाडच्या आठवडी बाजारातले सुके बोंबील आठवले. समुद्र न पाहिलेली माणसंही ते हौसेने नेतात.

शेफने मासा तीन दिवस पाणी बदलत भिजवला होता. आज सकाळी मातीच्या भांड्यात कांदा, अँचोव्ही ही खारवलेली छोटी मासळी, थोडं पीठ, किसलेलं चीज, दूध आणि भरपूर तेल घालून मंद आचेवर ठेवला. चार तासांहून जास्त. चमचा घालायचा नाही, भांडंच अधूनमधून हलवायचं. तेलाचा एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता, इतकी ती आच मंद.

पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, वाढून चाखलं. मक्याचा गोडवा, दुधाचा गोडवा, शिजून विरघळलेल्या कांद्याचा गोडवा, आणि या सगळ्यांवर तेल. इथे सोआवेला भरपूर काम मिळालं. आंबटपणाने तेल कापलं, वाइनचा खारटपणा अँचोव्हीच्या हाताला हात लावून उभा राहिला. आणि मागून येणारा बदामी कडवटपणा मला आज पहिल्यांदा हवासा वाटला. तो नसता तर इतक्या मऊ पदार्थानंतर तोंड बधिर झालं असतं. यादीत, अगदी वरच्या बाजूला.

गुरुवार, २१ मार्च

सार्दे इन साओर. तळलेल्या सार्डिनवर व्हिनेगरमध्ये शिजवलेला कांदा, बेदाणे, पाइनचे दाणे. व्हेनिसच्या खलाशांचा टिकाऊ पदार्थ. आजच करून आजच चाखला. व्हिनेगर थेट नाकात गेलं आणि वाइन त्याच्यापुढे आडवी पडली. नाही जमलं.

शेफ म्हणाला, घाई तू केलीस. साओर मुरावं लागतं.

शनिवार, २३ मार्च

तोच डबा, दोन रात्री मुरलेला. व्हिनेगरची धार गेली होती, कांद्याने ते पोटात घेतलं होतं. आता वाइन उभी राहिली, पण बेदाण्याचा घास आला की पुन्हा कोसळायची. बेदाण्याचा गोडवा साखरेचा आहे, मटार-तांदळासारखा अंगचा नाही, आणि साखरेपुढे सुकी, म्हणजे गोड नसलेली, वाइन उपाशी माणसासारखी दिसते. पुढच्या वेळी बेदाणे निम्मे घालायचे ठरलं.

आजची पहिली बाटली बुचामुळे खराब निघाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास, फळाचा मागमूस नाही. नवीन मुलाला मुद्दाम वास घ्यायला लावला, शेजारी चांगली बाटली ठेवून. हा वास एकदा ओळखीचा झाला की माणूस विसरत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर अशी बाटली पोचता कामा नये.

सोमवार, २५ मार्च

सुट्टी. उरलेली अर्धी बाटली घरी होती, म्हणून हे प्रकल्पाबाहेरचं.

काल अळूवडी तळली होती, डबाबंद पानांची. चिंच-गूळ आणि वाइन यांचं सरळ भांडण. भरल्या वांग्याबरोबर त्याहून वाईट, तिखटावर अल्कोहोल पडलं की तोंडात आगच होते. आज मात्र साधा वरण-भात, वर तूप, लिंबू पिळायचं राहिलं होतं. घोट घेतला आणि लिंबाची गरजच उरली नाही. डाळीचा गोडवा, भाताचा गोडवा, तुपाचा थर. बक्कालाबरोबर जे झालं होतं तेच, फक्त हळू आवाजात. हिंग-जिऱ्याची फोडणी असती तर कदाचित बिघडलं असतं. हे गोडं वरण होतं.

ही गोष्ट शेफला सांगितली पाहिजे. एवढे दिवस मी मासा शोधते आहे, पण या वाइनला खरं लागतं ते गोड अंगाचं धान्य आणि त्यावर स्निग्ध काहीतरी.

मंगळवार, ९ एप्रिल

गुढीपाडवा. आईने पाठवलेला वाळका कडुनिंबाचा पाला ओवा-गुळाबरोबर कुटला आणि कामावर निघण्याआधी खाल्ला. तोंड कडू असतानाच मनात आलं, की आपण वर्षाची सुरुवात कडवट चवीने करतो आणि ती गुळाच्या साथीने करतो. नुसता पाला कुणी देत नाही. सोआवेच्या शेवटालाही असाच सोबती लागतो, म्हणून तर मटार, म्हणून भात, म्हणून पोलेंता.

(१० तारीख: उरलेल्या पुरणपोळीबरोबर रेचोतो दी सोआवे चाखली. हीच गार्गानेगा, पण घड महिनोन्‌महिने सुकवून केलेली गोड वाइन. व्हेनेतोतली पहिली डीओसीजी, म्हणजे डीओसीच्या वरची मान्यता, १९९८. पोळीहून वाइन किंचित जास्त गोड, म्हणून जमलं. वेलदोडा आणि जर्दाळू एकमेकांना लगेच ओळखतात. सांगलीकडे बेदाणा करणाऱ्या आमच्या मावशीला हे कळवलं.)

सोमवार, १५ एप्रिल

विनइटाली हा वाइनचा मेळा चालू आहे, १४ ते १७. गावात खोली मिळत नाही, आमच्याकडे टेबल मिळत नाही. चाखणं बंद. पाय दुखताहेत.

गुरुवार, १८ एप्रिल

बास्सानोचे पांढरे अस्परागस. मातीखाली, उजेड न लागू देता वाढवलेले, म्हणून पांढरे. उकडलेली अंडी काट्याने कुस्करून, तेल आणि थेंबभर व्हिनेगर घालून वर. साल जरा जाड राहिली तर कडू लागतात. शेफने दोनदा सोलले.

अंड्याच्या घासाबरोबर वाइन छान. अस्परागसच्या टोकाबरोबर ठीक. देठाबरोबर नाही, तिथे कडवटाची बेरीज व्हायला लागते. मी म्हटलं, ठेवू या, अंडं सांभाळून घेतं. शेफचं म्हणणं वेगळं होतं: या अस्परागसला ब्रेगान्झेची व्हेस्पायोलो ही पांढरी वाइन हीच जुनी जोडी, तिच्या आंबटपणाला धार आहे, मग दुसरीचा हट्ट कशाला? दोन पेले शेजारी ठेवून चाखले. त्याचं बरोबर आहे. अस्परागस मेनूत राहतील, सोआवेच्या यादीत नाही, आणि वाढणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला सांगायचं.

बेदाणे निम्मे घातलेलं साओरही आज चाखलं. दोन रात्री मुरलेलं. आता जमतं.

मंगळवार, २३ एप्रिल

रीझी ए बीझी, म्हणजे तांदूळ आणि मटार. २५ एप्रिल हा सेंट मार्कचा दिवस. व्हेनिसचं प्रजासत्ताक होतं तेव्हा या दिवशी दोजेच्या, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या, ताटात हा पदार्थ असे. तांदूळ इझोला देल्ला स्कालाचा विआलोने नानो, आखूड, गोल दाण्याचा. मटार कोलोन्योला आय कोल्लीचे, म्हणजे सोआवेच्या शेजारच्याच टेकड्यांवरचे.

मटार सोलायला मी बसले. दाणे एका पातेल्यात, टरफलं दुसऱ्यात. टरफलं टाकायची नाहीत. धुऊन, उकळून, चाळणीवर दाबून त्यांचा हिरवट रस काढायचा आणि भात त्यात शिजवायचा. स्वयंपाकघरभर शेतातला ओला वास भरला. भात रिसोट्टोहून सैल, ताट कललं की लाटेसारखा सरकला पाहिजे. शेवटी लोणी आणि किंचित चीज. पान्चेत्ता शेफने घातला, मग माझ्यासाठी एक वाटी त्याशिवाय केली, आणि चाखल्यावर मालकीणबाईंनी तीच मेनूवर घ्यायला सांगितली. खारवलेलं मांस मधे आलं की वाइनचा स्वतःचा खारटपणा कळत नाही.

वाइन ११ अंशांवर. चमचाभर भात, मटार दाताखाली फुटतो, गोड दुधाळ रस, लोणी, मग घोट. आधी लिंबाच्या फुलाचा वास, मग आंबटपणाची स्वच्छ रेघ, आणि शेवटी तो बदाम, जो आता कडवट लागतच नाही, नुसता मटाराच्या गोडव्याला काठ घालतो. मी शेफकडे पाहिलं. त्याने दुसरा चमचा आधीच उचलला होता. दोन महिने ज्याच्यासाठी धडपडलो तो घास हा.

गुरुवार, २५ एप्रिल

मेनू लागला. रात्री रीझी ए बीझी संपले, पुन्हा शिजवायला वेळ नव्हता.

एका टेबलावरून वाइन परत आली, “चवच नाही” म्हणून. पेला हातात घेतला तर काच दुखेल इतकी गार. मागच्या फ्रिजमधून थेट ओतली होती. मी माफी मागितली, तोच पेला तळहातांत धरून दोन मिनिटं तिथेच उभी राहिले आणि परत दिला. त्या टेबलावरच्या बाईंनी घोट घेतला आणि बाटलीवरचं नाव लिहून मागितलं.

शुक्रवार, ३ मे

यादी ठरली, मालकीणबाईंकडे दिली. लोणी-सेजचे न्योक्की. बक्काला आणि पोलेंता. दोन रात्री मुरलेलं साओर, कमी बेदाण्याचं. रीझी ए बीझी. आणि कोवळं मोन्ते वेरोनेझे. जुनं झालेलं नको, त्याचा तिखटपणा या वाइनला झेपत नाही. सहावा पदार्थ सापडला नाही आणि संख्या भरायला काही घालायचं नाही, हे त्यांनाही पटलं.

अण्णांना यादी वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, मटार कसे किलो.

फ्रिज बदलणार नाही म्हणतात, तेव्हा त्याच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली, इटालियनमध्ये एक आणि खाली माझ्यासाठी मराठीत: सोआवे वाढायच्या आधी वीस मिनिटं बाहेर.